नळाच्या पाण्याने धुतलेली बोअर

आरंभीच तारखा आणि जबाबदार व्यक्ती नोंदवतो, म्हणजे पुढे कोणी ‘संदर्भ स्पष्ट नव्हता’ असे म्हणू नये. नावे मुद्दाम देत नाही. ज्याने त्याने आपली जागा ओळखावी.

वसंत २०१२. संस्थेच्या आवाराच्या टोकाला, जंगलाच्या कडेला बोअर पूर्ण झाली. जबाबदार: विभागप्रमुख आणि मी. काम निर्दोष होते, हेही नोंदवले पाहिजे.

जून २०१४. संस्थेचा लोकांसाठी खुला दिवस. जबाबदार: विभागप्रमुख, आणि त्यांना ‘काहीतरी डोळ्यांत भरेल असे दाखवा’ म्हणणारे संचालक.

त्यानंतरचा हिवाळा. माहीत असून पाळलेले मौन. जबाबदार: विभागप्रमुख, एकटे.

नोव्हेंबर २०१५. संचालकांच्या दालनातील बैठक. जबाबदार: संचालक.

वसंत २०१६. चौकशी समितीचे उत्तर. जबाबदार: समितीचे सदस्य, ज्यांच्यापैकी कोणीही बोअरच्या झाकणापर्यंत चालत गेले नाही.

२०१७. छापून आलेला लेख. जबाबदार: वरील सर्व.

आता हकिकत.

मी भूभौतिकशास्त्रज्ञ आहे. ग्रहांच्या पोटातून बाहेर येणारी उष्णता मोजण्यात माझी हयात गेली, आणि त्यातली बहुतेक वर्षे जर्मनीत. वडील जिल्हा न्यायालयात वकील होते. आमच्याकडे जेवताना ‘तू पाहिलंस की ऐकलंस?’ हा प्रश्न मीठ वाढावे तितक्या सहज विचारला जाई. मी कायदा शिकलो नाही, पण तो प्रश्न माझ्यासोबत डार्मश्टाटला आला आणि तिथून पुढे जंगलाकडेच्या त्या संस्थेत. निवृत्तीनंतरही संस्थेने मला एक टेबल ठेवू दिले होते. त्या टेबलाच्या खणाचा उल्लेख पुढे येईल.

आमचे काम सांगायला सोपे आहे. जमिनीत जसजसे खाली जावे तसतसे खडक गरम होत जातात. किती खोलीवर किती गरम, हे मोजायचे. तो खडक उष्णता किती सहज वाहू देतो, हे प्रयोगशाळेत पाहायचे. दोहोंच्या गुणाकारातून उष्णताप्रवाह मिळतो. ग्रह आतून अजून धगधगतो आहे की निवत चालला आहे, हे त्या एका आकड्यातून कळते. आकडा मात्र फार लहान असतो. एक चौरस मीटर जमिनीतून येणारी सगळी उष्णता थेंबही न सांडता जमवली, तरी कपभर चहा होण्यासाठी कित्येक दिवस थांबावे लागेल.

म्हणून आमच्या धंद्यातला पहिला नियम थांबण्याचा आहे. बोअर मारताना घर्षण होते, पाणी खेळवावे लागते, आजूबाजूच्या खडकाचे तापमान बिघडते. ते पूर्ववत व्हायला वेळ द्यावा लागतो. झाकण बंद करायचे आणि कोणालाही उघडू द्यायचे नाही. आमच्या गटात त्याला ‘बोअर झोपली आहे’ म्हणत. आमच्या झाकणाला दोन कुलुपे होती, बँकेच्या लॉकरला असतात तशी. एक किल्ली विभागप्रमुखाकडे, दुसरी माझ्याकडे. दोघे हजर असल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, ही पद्धत आम्हीच घातली होती. मोजणारी केबलसुद्धा मुंगीच्या गतीने खाली सोडायची, कारण घाईने सोडलेली केबल पाणी ढवळते.

हा विभागप्रमुख मला परका नव्हता. तरुणपणी आम्ही दोघांनी एका डोंगराळ गावाबाहेर लाकडी खोपटात राहून बोअरची राखण केली होती. गावच्या महापौरांना आत डोकावून पाहायचे होते. हा माणूस झाकणावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, झोपलेल्याला उठवायचे नाही. महापौर चिडले, मग हसले, आणि आम्हाला सफरचंदाचा केक पाठवून दिला. ज्याच्याबद्दल मी पुढे लिहिणार आहे, तो हाच.

२०१३ साली त्याच्याकडे पीएच.डी.साठी अकोल्याची एक मुलगी आली. पुण्यात शिकलेली, बोलण्यात वऱ्हाडी ठसका, आणि केबल सोडताना माझ्यापेक्षाही संथ हात. तिचा विषय असा. दुसऱ्या ग्रहाच्या मातीत रोवून तिथली उष्णता मोजणारे एक यंत्र विभागात तयार होत होते. त्याचा नमुना बोअरशेजारी जमिनीत पुरलेला होता. यंत्र आणि बोअर यांचा आकडा एकच यायला हवा होता. यंत्र कमी दाखवत होते. किती कमी आणि का, हे शोधणे हे तिचे काम. पृथ्वीवर शेजारी बोअर असते म्हणून चूक कळते. तिकडे ग्रहावर यंत्र जे सांगेल ते मुकाट मान्य करावे लागते, तपासायला कोणी जात नाही. मी तिच्या प्रबंधाचा दुसरा परीक्षक होतो.

त्या शरदात आणि पुढच्या वसंतात आम्ही झाकण उघडून वारंवार मोजले. दर वेळी आकडा जवळपास तोच. बोअर पूर्ण निवांत झाली होती. यंत्राचा दोष तिने जवळजवळ मुठीत धरला होता. ती म्हणाली, “सर, माझी बोअर आता घोरायला लागली.” मी तिला म्हटले, घोरू दे, आपण पाय न वाजवता चालू.

जून २०१४मध्ये मी पुण्यात होतो, थोरल्या भावाच्या अमृतमहोत्सवाला. ती हांबुर्गला एका कार्यशाळेला गेली होती. परत आल्यावर खुल्या दिवसाबद्दल आम्हाला इतकेच कळले की गर्दी चांगली झाली आणि सॉसेज कमी पडले.

त्यानंतरच्या पहिल्याच मोजणीत आकडा घसरला. तळाचे पाणी आधीपेक्षा थंड होते. यंत्राचा आकडा आणि बोअरचा आकडा आता जुळत होते. विभागप्रमुखाने मोठ्या समाधानाने सांगितले की यंत्र पहिल्यापासून बरोबरच होते. ती गोंधळली. आम्ही थर्मामीटर बदलले, केबल बदलली, भूजल कुठून झिरपते आहे का ते पाहिले. सगळा हिवाळा त्यात गेला. खडक असा अचानक थंड होत नाही, हे मी तिला सांगत होतो, आणि दुसरे काही कारणही मला सांगता येत नव्हते. विभागप्रमुख आमच्या चर्चांना बसत असे, कॉफी ओतत असे, मान डोलावत असे. एकदा त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले की पहिल्या वर्षी सगळ्यांचीच मोजमापे चुकतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

वसंतात तळाचे पाणी पुन्हा हळूहळू तापू लागल्याचे तिने दाखवले. तेव्हा तो म्हणाला, मोजणी पुरे झाली, लिहायला बस.

ती लिहायला बसली. तिने दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, खोदकामानंतर बोअरला मोजणीखेरीज कोणताही उपद्रव झालेला नाही. दुसरी, तिची स्वतःची सुरुवातीची मोजमापे सदोष असून ती विचारात घेऊ नयेत. म्हणजे जे खरे होते त्यावर तिने स्वतःच्या हाताने काट मारली. विभागप्रमुखाने तो मसुदा तपासला. पहिल्या वाक्यात एक स्वल्पविराम हवा होता, तो त्याने घातला आणि मसुदा माझ्याकडे पाठवला.

सप्टेंबर २०१५चा गणेशोत्सव. फ्रँकफर्टच्या आमच्या मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. आरतीला वेळ होता म्हणून मी खुर्चीत बसून होतो. फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधल्या एका कंपनीत काम करणारा एक इंजिनिअर, त्याच्या शाळकरी मुलीला घेऊन, माझ्या शेजारी येऊन बसला. दरवर्षी भेटणारा, गप्पिष्ट माणूस.

“काका, मागच्या वर्षी तुमच्या संस्थेत येऊन गेलो आम्ही. सगळीकडे शोधलं, तुम्ही काही दिसला नाहीत.”

मी पुण्याला असल्याचे सांगितले.

“मिस केलंत. ती बोअर काय भारी दाखवली हो! आत कॅमेरा सोडलेला, बाहेर मोठा पडदा. पार खालपर्यंतचा दगड दिसत होता.”

मी विचारले, पाण्यातून कसा दिसला? माझ्या माहितीप्रमाणे त्या बोअरमधले पाणी ताकासारखे गढूळ होते.

“छे, छे. एकदम नितळ.”

मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, “व्ही इम श्विमबाद.”

“स्विमिंग पूलसारखं, म्हणते ती,” तो हसला. “मराठीत बोल गं काकांशी. अहो, धुतलीच होती ना त्यांनी. ते तुमचे उंच साहेब आहेत ना, त्यांनीच सांगितलं सगळ्यांना. आधी कॅमेऱ्यात नुसता गाळ दिसत होता, म्हणून दोन दिवस तळापर्यंत नळी सोडून नळाचं पाणी चालू ठेवलं. टाळ्या पडल्या त्यावर.”

नळाच्या थंड पाण्याने तळ निवला होता, आकडा म्हणूनच घसरला होता. मग मी त्याला प्रश्न विचारू लागलो. नळी त्याने स्वतः पाहिली होती का? झाकण कोणी उघडले? दोन्ही कुलुपे निघालेली होती का? बिचारा गोंधळून उत्तरे देत होता. तेवढ्यात माझी पत्नी आरतीचे तबक घेऊन आली आणि म्हणाली, “अहो, देवाच्या दारात तरी साक्षी घेऊ नका. उठा.”

मी उठलो नाही, कारण माझ्या मागे ती उभी होती. अकोल्याची मुलगी. हातात मोदकांचे ताट, वाढायला निघालेली. तिने सगळे ऐकले होते. ताट तिने शांतपणे टेबलावर ठेवले.

“सर, म्हणजे माझी पहिली मापं बरोबर होती.”

मी हो म्हटले.

“आणि मी ती चुकीची आहेत असं लिहून दिलंय.”

आरती सुरू झाली. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिली, कारण आरतीत टाळ्या वाजवायच्या असतात.

माझी किल्ली टेबलाच्या खणात होती. मी पुण्याला गेलेला असताना ती तिथून घेतली गेली आणि पुन्हा तिथेच ठेवली गेली. ही चोरी ठरते की नाही, यावर मी फौजदारी वकिलांशी वाद घालणार नाही. दोन किल्ल्यांची पद्धत माझ्यासोबत बसून ठरवणाऱ्या माणसाने ती मोडली, एवढे पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेलो. तो नाकारील, अशी माझी अपेक्षा होती. नाकारणाऱ्या माणसाची उलटतपासणी कशी करायची, ते मी घरीच शिकलो होतो. त्याने काहीही नाकारले नाही. तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, “आल्झो, म्हणजे असं बघ, लोकांना काहीतरी दिसायला नको का? गढूळ पाणी दाखवून काय सांगणार होतो आपण?”

मी त्याला डोंगरातले ते खोपटे आठवते का, विचारले. झाकणावर तूच बसला होतास ना?

“गेनाऊ, अगदी बरोबर,” तो म्हणाला. “पण तो महापौर एका गावचा होता. इथे मंत्रालयाची माणसं आली होती.”

मी वाचकांना आठवण करून देतो की हे बोलणारा माणूस उष्णताप्रवाहावर विद्यार्थ्यांना व्याख्याने देतो. थांबण्याचा नियम त्याच्या व्याख्यानात पहिला येतो. मला सगळ्यात धक्का त्याच्या प्रसन्नतेचा बसला. मी विचारले, त्या मुलीला का सांगितले नाहीस? सगळा हिवाळा ती केबली बदलत होती, आणि तू कॉफी ओतत होतास. तो म्हणाला की सांगायचे राहून गेले, आणि नंतर आकडे इतके छान जुळले की सांगण्यात अर्थ उरला नाही.

नोव्हेंबरात संचालकांनी बैठक बोलावली. ती मुलगी आणि मी, आम्ही दोघांनी मागितले ते फार नव्हते. तिच्या पहिल्या मोजमापांना मान्यता द्यावी, बोअर धुतल्याची नोंद व्हावी, आणि बोअर पुन्हा निवांत होईपर्यंत तिच्या नेमणुकीला मुदतवाढ मिळावी. संचालकांनी नम्रपणे ऐकून घेतले. यंत्राचा आढावा लवकरच होणार असून अशा वेळी ‘जुन्या आणि नव्या आकड्यांचा घोळ’ बाहेर जाणे कोणाच्याच हिताचे नाही, असे ते म्हणाले. तिने मध्येच, तिच्या जपून जुळवलेल्या जर्मनमध्ये सांगितले की घोळ आकड्यांचा नाही, पाण्याचा आहे. एका बाईंनी खिडकी उघडली, कारण खोलीत कोंदट झाले होते.

मग आम्ही केलेल्या तक्रारीवर चौकशी समितीचे उत्तर पुढच्या वसंतात आले. गैरवर्तन आढळले नाही. ‘संवादातील उणीव’ आढळली. मी उत्तरादाखल लिहिले की विहिरीत विष टाकून शेजाऱ्याला न सांगणे हीसुद्धा संवादातील उणीवच आहे. त्याला पोच मिळाली, उत्तर नाही. त्यानंतर मी किती पत्रे लिहिली, हे इथे सांगत नाही. पत्नी म्हणते की आमच्या गल्लीतल्या पोस्टमनला माझ्यामुळे नोकरीची शाश्वती आहे.

त्या मुलीने मसुद्यातल्या त्या दोन वाक्यांखाली आपले नाव ठेवायला नकार दिला. पहिली मापे खरी आहेत, असा नवा मसुदा तिने लिहिला. विभागप्रमुखाने तो स्वीकारला नाही. पहिला परीक्षक तोच होता. वादग्रस्त प्रकरण गाळून प्रबंध द्यावा, असे तिला सुचवण्यात आले. ते गाळल्यावर प्रबंधात उरणार काय, असे तिने विचारले. नेमणूक संपली, तिच्या पाठोपाठ राहण्याच्या परवान्याची मुदतही संपत आली. नोकरी मिळाली ती एश्बॉर्नमध्ये, एका सल्लागार कंपनीत, बँकांच्या संगणक प्रणाली तपासण्याची. तिथल्या लोकांना ती आवडते. चूक सापडली की ती सोडत नाही, म्हणून.

२०१७मध्ये लेख छापून आला. यंत्र आणि बोअर यांचे आकडे उत्तम जुळतात, असा त्याचा निष्कर्ष. खोदकामानंतर बोअरला मोजणीखेरीज उपद्रव झालेला नाही, हे वाक्य त्यात जसेच्या तसे आहे. आणि लेखकांच्या यादीत, विभागप्रमुखाच्या लगेच पुढे, तिचे नाव आहे. तिला कोणी विचारले नाही. तिने आक्षेप घेतला, तेव्हा तिला कळवण्यात आले की मूळ मसुदा तिनेच सादर केला होता आणि योगदानाचे श्रेय नाकारणे तिच्यावर अन्यायकारक ठरले असते.

आयुष्यभर अनेकांनी आपली नावे दुसऱ्याच्या कामावर लावलेली मी पाहिली आहेत. एखाद्याचे नाव त्याच्या इच्छेविरुद्ध खोट्यावर लावून त्याला श्रेय म्हणण्याचा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला.

गेल्या महिन्यात ती आमच्याकडे जेवायला आली. पत्नीने तिच्यासाठी पातोडीची रस्सा भाजी केली होती. जेवताना मी पदवीचा विषय काढला. दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या बोअरवर, अजून वेळ गेलेली नाही, मी शब्द टाकतो, असे म्हणालो. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

“काका, पदवीचं राहू द्या. मला काही नको आता त्यांच्याकडून. फक्त माझं नाव त्या वाक्यावरून काढायला लावा. ते यंत्र उद्या खरंच कुठल्या ग्रहावर गेलं, तर तिथला आकडा खोटा सांगणारी मी ठरेन.”

संस्थेत ती मला नेहमी सर म्हणत असे. तिने जे मागितले, ते आता मी मागतो आहे, आणि खाजगीत नाही. खाजगीत मागून झाले आहे.

माननीय संचालक, पुढील प्रश्नांची उत्तरे आपण संस्थेच्या जाहीर व्यासपीठावरून, आपल्या सहीनिशी द्यावीत.

जून २०१४मध्ये त्या बोअरमध्ये नळाचे पाणी सोडले होते की नाही? ‘संवाद’ हा शब्द न वापरता, हो किंवा नाही.

हो असेल, तर लेखातले ते वाक्य खोटे आहे, हे आपल्याला मान्य आहे की नाही?

मान्य असेल, तर ज्या तरुण संशोधिकेची पहिली मोजमापे खरी होती, तिचे नाव त्या वाक्याखाली आजही कोणाच्या अधिकाराने आहे?

आपण मौन पाळलेत तर तेही मी आपले उत्तर म्हणूनच नोंदवीन आणि जिथे छापता येईल तिथे छापीन. मात्र उत्तर मला पाठवू नये. तिला उद्देशून लिहावे, आणि सगळ्यांना वाचता येईल अशा जागी लावावे.